दारातला बार आणि पेशव्यांचा मल्लखांब



हल्ली नातवंडं दाराच्या चौकटीत बसवायचा लोखंडी बार मागतात, लटकून व्यायाम करायला. आपल्याला ते परदेशी खूळ वाटतं. अर्धं खरंच आहे. आडवा बार जर्मनीचा. फ्रीडरिश यान यांनी १८११ मध्ये बर्लिनमध्ये उघडं व्यायाम-मैदान सुरू केलं, तिथून तो जगभर गेला.

पण अंगाचं वजन हातांवर पेलणं आपल्याकडे जुनंच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जीव दिला. पेशवाई बुडाल्यावर ही विद्या बिठूरला गेली आणि लहानगी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, तिथे मल्लखांब शिकली असं सांगतात. एरवी तालमीचा उंबरा बायकांसाठी नव्हताच. पुढे मुलींना जागा मिळाली ती मुख्यतः दोरीच्या मल्लखांबामुळे. अमरावतीच्या १९१४ सालच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तर १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्येच आपले देशी खेळ करून दाखवले. बार तिकडून आला, मल्लखांब तिकडे गेला. हिशेब चुकता! आपल्या खोपोलीहून घाट चढलं की लोणावळ्याला कैवल्यधाम आहे, १९२४ चं. ते काढणारे स्वामी कुवलयानंद बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले.

या जुन्या मंडळींकडून खरेदीपुरतं एक घेण्यासारखं आहे. मल्लखांब जमिनीत पुरलेला असतो, दोरी भक्कम तुळईला बांधलेली असते. भार कोण घेणार हे आधी ठरतं, उडी नंतर. म्हणून बारची किंमत बघण्याआधी आपली चौकट बघा.

चौकटीवर अडकवायचा बार मागे भिंतीतून पुढे आलेल्या पट्टीवर टेकतो. अमेरिकेतल्या घरांना तशी पट्टी असते. आपल्याकडे चौकट बहुधा गिलाव्याच्या पातळीत, मग तो टेकणार कशावर? दुसरा, फिरवून दोन बाजूंना दाबून बसवायचा. तो नुसत्या दाबावर उभा असतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे आज घट्ट असलेला बार चार महिन्यांनी तसाच असेल असं नाही. हा घ्यायचाच तर दोन्ही टोकांच्या वाट्या स्क्रूने चौकटीत पक्क्या करता येणारा घ्या आणि रोज लटकण्याआधी हाताने ओढून बघा. जुन्या घराची सागवानी चौकट असेल तर उत्तम. नव्या इमारतींतल्या प्लायच्या पातळ चौकटीवर आणि सिपोरेक्सच्या चार इंची भिंतीवर मात्र माझा विश्वास नाही.

आमच्या नातीसाठी आम्ही चौकट सोडून मागच्या पडवीच्या विटांच्या जाड भिंतीत, गवंड्याकडून फास्टनर ठोकून बार लावला. उंची तिच्या हाताला पुरेल एवढीच ठेवली, खाली सतरंजीची घडी. ती लटकते. मी पाय जमिनीवर टेकवून नुसता धरते, सकाळी भाजी निवडायच्या आधी.