अपडेटनंतर लॅपटॉप तापतोय, पंखा घरघरतोय? दुकान गाठण्याआधी हे बघा

सातारा/सांगली : रात्री 'अपडेट अँड शट डाऊन' दाबून लॅपटॉप बंद केला आणि सकाळी चालू केला तर पंखा गिरणीसारखा सुरू. बूड एवढं तापलेलं की मांडीवर ठेवता येत नाही. काल चांगला चाललेला लॅपटॉप एका रात्रीत कसा बिघडला, हा प्रश्न सेवा केंद्र चालकाला पडतो, दूध संकलन केंद्रावर पडतो आणि कॉलेजच्या पोरांनाही पडतो.

बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो. अपडेटनंतरची राहिलेली कामं तो मागच्या बाजूला उरकत असतो. ते माहीत नसलं की माणूस घाबरून दुकान गाठतो, पैसे जातात आणि घाईत सगळा लॅपटॉप फॉरमॅट करून कागदपत्रं, फोटो गमावून बसतो.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. त्यामुळे अनेक जुने लॅपटॉप विंडोज ११ वर गेले. एवढ्या मोठ्या बदलानंतर पंखा आणि उष्णतेची तक्रार जास्त जाणवते.

पंखा का वाढतो?

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याला जितकं काम जास्त, तितकी उष्णता जास्त. ती बाहेर टाकायला पंखा असतो. म्हणजे पंख्याचा आवाज हा आजार नाही, आत काम वाढल्याची खूण आहे.

अपडेटनंतर तीन कामं मागे चालू असतात. सगळ्या फाइलींची यादी नव्याने तयार होते, म्हणजे इंडेक्सिंग. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस 'डिफेंडर' तपासणी करतो. आणि जुन्या अपडेटच्या फाइली आवरल्या जातात. यातली बरीच कामं लॅपटॉप मोकळा असतानाच जोर धरतात. म्हणूनच कोणी हात लावत नसताना पंखा जास्त ओरडतो, हे विचित्र वाटलं तरी नेहमीचं आहे.

पहिले एक-दोन दिवस : काम संपू द्या

- लॅपटॉप टेबलावर, चार्जिंगला लावून, झाकण उघडं ठेवून दोन-तीन तास तसाच चालू ठेवा. झाकण मिटलं की तो झोपतो आणि काम अर्धवट राहतं.
- एकदा 'रिस्टार्ट' करा. नुसतं 'शट डाऊन' पुरत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यामुळे बंद केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही. रिस्टार्टने होतो.
- सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट' उघडून बघा. काही डाउनलोड राहिलं असेल तर तेही होऊ द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा डेटा संपतो, अपडेट अडकतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं. असं असेल तर पंखा चार-चार दिवस वाजत राहतो. शक्य असेल तर एकदा वायफाय असेल तिथे नेऊन अपडेट पूर्ण करून घ्या.

हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप असेल तर या कामाला जास्त वेळ लागतो. एसएसडी असेल तर लवकर उरकतं.

दोन दिवसांनंतरही आवाज असेल तर चोर शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. पहिले काही सेकंद आकडे उगाच वर जातात, तेवढं थांबा. मग 'सीपीयू' या शब्दावर क्लिक करा. सगळ्यात जास्त ताकद खाणारं नाव वर येईल.

- अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल : हा डिफेंडर आहे. तपासणी संपली की शांत होतो. त्याला कायमचं बंद करू नका.
- सर्च इंडेक्सर : फाइलींची यादी बनवतोय. वेळ द्या.
- विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर : अपडेटचं उरलेलं काम करतोय. मध्येच 'एंड टास्क' करू नका.
- ब्राउझर : क्रोममध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे असतील तर दोष अपडेटचा नाही. नको ते टॅब बंद करा.
- ओळखीचं नसलेलं नाव : फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं असेल तर ते किंवा व्हायरस असू शकतो. डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा.

काही उघडलेलं नसताना, दहा मिनिटांनी, सीपीयूचा आकडा साधारण दहा टक्क्यांच्या आत यायला हवा. तो आला आणि तरी लॅपटॉप तापतोय, तर कारण सॉफ्टवेअरमध्ये नाही. धुळीचा भाग खाली आहे, तो वाचा.

घरी करता येणारे उपाय

१. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप अ‍ॅप्स' उघडा. चालू होतानाच सुरू होणारी नको ती अ‍ॅप 'डिसेबल' करा.

२. सेटिंग, सिस्टीम, 'पॉवर अँड बॅटरी' मध्ये 'पॉवर मोड' असतो. अपडेटनंतर तो 'बेस्ट परफॉर्मन्स' वर दिसला तर 'बॅलन्स्ड' किंवा 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' करा. फॉर्म भरणं, दाखले काढणं, हिशेब ठेवणं या कामांना एवढी ताकद भरपूर होते.

३. अपडेटसोबत स्क्रीनचा ड्रायव्हर बदलला आणि तेव्हापासूनच त्रास असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. प्रॉपर्टीमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण चालू दिसलं तर जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

४. पंखा कधी किती फिरवायचा हे बायोस ठरवतो. त्याचं अपडेट लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावं. मात्र ते चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप उघडायचाच बंद होऊ शकतो. बॅटरी चांगली असेल आणि पूर्ण चार्ज असेल तरच हे करावं.

अपडेट मागे घेता येतं का?

येतं. महिन्याचं छोटं अपडेट असेल तर सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, 'अपडेट हिस्टरी', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या वाटेने काढता येतं. विंडोज १० वरून ११ वर गेला असाल तर सेटिंग, सिस्टीम, 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' मिळतं; पण त्याची मुदत फक्त १० दिवसांची असते. जागा करायला जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या असतील तर हा रस्ता बंद होतो. मागे जाण्याआधी कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या.

लॅपटॉप जुना, विंडोज नवी

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ओळखायचं सोपं आहे. नाव आय५-७२०० यू असेल तर सातवी पिढी, आय५-८२५० यू असेल तर आठवी. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅपही सांगतं.

न बसणाऱ्या लॅपटॉपवर आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. टाकता येतं, पण अशा लॅपटॉपला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ४ जीबी रॅमवर तर ते रोज धापा टाकतं. अशा वेळी विंडोज १० वर राहून जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं. घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. रॅम वाढवणं आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हाही नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तातला उपाय आहे.

धूळ, पाचट आणि हळद

अपडेटने फक्त काम वाढवलं आणि आधीपासून तुंबलेला पंखा उघडा पडला, असंही होतं. माण-खटाव, जत-आटपाडीकडची मळणीची धूळ, कराड-वाळवा-पलूसकडे पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी, हळद पॉलिशच्या ठिकाणची पिवळी भुकटी ही सगळी पंख्याच्या जाळीत नमदा होऊन बसते. मग पंखा फिरतो, पण हवा बाहेर पडत नाही. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या शेडजवळ हिशेबाचा लॅपटॉप ठेवू नये. गंधकाच्या धुराने धातूचे भाग गंजतात.

त्यात उन्हाळा. बहुतेक कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा सांगतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त तापतं. जड काम सकाळी लवकर किंवा रात्री करावं.

- गादी, गोधडी, उशी यावर लॅपटॉप ठेवू नका. खालची जाळी झाकली जाते.
- मागच्या बाजूला दोन बाटल्यांची बुचं लावून उंच करा. खालून हवा खेळते.
- बाहेरची जाळी मऊ ब्रशने साफ करा. ब्लोअर मारायचा तर लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला आणि पंख्याचं पातं काडीने अडवलेलं हवं. वाऱ्याने पंखा सुसाट फिरला तर खराब होतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.
- तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलणं मेकॅनिकचं काम आहे. वॉरंटी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

आवाजावरून ओळखा

- वाऱ्यासारखा सूं-सूं : पंखा ठीक आहे, काम जास्त आहे.
- खरखर, टकटक : पंख्याचं बेअरिंग गेलंय किंवा काही अडकलंय. मेकॅनिककडे न्या.
- लॅपटॉप कडक तापलाय आणि आवाजच नाही : पंखा बंद पडलाय. लगेच बंद करा.
- चालता चालता अचानक बंद पडतो : उष्णतेपासून वाचायला तो स्वतः बंद होत असावा. न जतन केलेला फॉर्म जातो.
- माऊस पॅड वर आला, झाकण नीट बसेना : बॅटरी फुगली असण्याची शक्यता. चार्जिंग थांबवा, टोचू किंवा दाबू नका, दुकानात बदलून घ्या. पेट घेण्याचा धोका असतो.

मुदतीच्या दिवशी अपडेट नको

पीकविमा, शिष्यवृत्ती, कॉलेज प्रवेश यांच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रावर रांग लागते. त्याच सकाळी लॅपटॉप अपडेटला बसला तर नुकसान रांगेतल्या शेतकऱ्याचं होतं. मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडच्या वेळेने रात्री उशिरा येतं. म्हणून त्रास साधारण बुधवारपासून दिसतो. विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' करून अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतं. मुदतीच्या आठवड्यात ते करा, पण गर्दी ओसरली की आठवणीने चालू करा. लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील ज्या लॅपटॉपवर उघडतात, तो अपडेटविना ठेवणं धोक्याचं आहे.

या फोनला बळी पडू नका

'तुमचा लॅपटॉप गरम झाला आहे, व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असा मोठा भोंगा वाजवणारा संदेश स्क्रीनवर आला तर तो फसवणुकीचा समजा. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. फोन करू नका, एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकून अनोळखी माणसाच्या हातात लॅपटॉप देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

थोडक्यात : दोन दिवस काम पूर्ण होऊ द्या, मग टास्क मॅनेजर बघा, मग धूळ काढा. एवढं करूनही तापत असेल तरच मेकॅनिककडे जा. आणि कोणी 'फॉरमॅट मारू' म्हणालं, तर आधी आपल्या फाइली काढून घ्या.