जनरेटर सुरू का होत नाही? उत्तर इतिहासात आहे

पावसाळा तोंडावर आला की गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "भाऊ, दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण जनरेटर काही सुरू होत नाही." उपाय खाली सांगतो, पण आधी थोडा इतिहास. कारण बिघाडाचं मूळ तिथेच आहे.

२००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महावितरण आलं. मागणी वाढत होती, वीज कमी पडत होती. आपल्याच जिल्ह्यात, भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार व्हायची आणि एरंडोलात मात्र भारनियमन! झेरॉक्सवाला, फोटो स्टुडिओ, दवाखाना, ज्याच्या त्याच्या दारात धडधड सुरू. वरातीतल्या दिव्यांमागे हातगाडीवर जनरेटर चालायचाच.

त्यातली बरीच यंत्रं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची असत. जाणता माणूस बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा. नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहायचं आणि दुसऱ्या दिवशी यंत्र रुसायचं. रोज वापर होता म्हणून अशा गोष्टी पोरासोरांनाही माहीत होत्या.

पुढे भारनियमन कमी झालं, इन्व्हर्टर आले, जनरेटर कोपऱ्यात गेले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाअभावी भारनियमन परतलं, तेव्हा ते पुन्हा आठवले. पण मधल्या काळात पेट्रोलही बदललं होतं. इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यात आपल्या शेजारचं मनमाड होतं. आता हे प्रमाण २० टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल खराब होतं, चिकट थर धरतो आणि कार्बोरेटरचा जेट बुजतो.

म्हणून क्रमाने बघा:

१. जुनं पेट्रोल काढा, ताजं भरा. कॉक उघडा आहे ना?
२. ऑइल तपासा. बऱ्याच यंत्रांत ऑइल कमी असलं की सेन्सर ठिणगीच बंद करतो.
३. चोक लावून ओढा. एअर फिल्टर झटका.
४. प्लग काढून बघा. काजळी असेल तर साफ करा, कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही.
५. तसं असेल तर कार्बोरेटरची वाटी उतरवून जेट साफ करून घ्या.

आणि सुरू झाला तरी बंद खोलीत चालवू नका. त्या धुरातला वायू जीव घेतो, आणि त्याला वास नसतो.

आता मुद्द्याचं. घरातला जनरेटर बंद पडला तर पंखा थांबेल. सार्वजनिक ठिकाणचा बंद पडला तर फ्रीजमधली लस खराब होईल, बाळंतपण टॉर्चवर होईल. खरेदीच्या वेळी नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढे यंत्र कोण चालवून बघतो? महिन्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं, लोड देऊन. त्याची वही ठेवा आणि ती वही मागायचा आपला हक्क बजावा. पावसाळा सुरू व्हायच्या आत विचारा, अंधार झाल्यावर विचारून उपयोग नाही.