बेला बार्तोक : लोकगीत आणि राष्ट्राभिमान

हंगेरीचे पियानोवादक व संगीतरचनाकार बेला बार्तोक यांचे चरित्र केवळ संगीतज्ञांनीच वाचावे असे आम्हांस वाटत नाही. आपल्या भाषेवर जिवापाड प्रेम करणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्यांनी आपल्या कार्यानेच दिले.

बार्तोक यांचा जन्म २५ मार्च १८८१ रोजी नाज्सेंतमिक्लोश या गावी झाला. वडील तेथील कृषिशाळेचे प्रमुख होते. १८८८ साली ते निवर्तले, तेव्हा बेला सात वर्षांचा होता. आई पाउला यांनी शिक्षिकेचे काम करून संसार चालविला. मुलाला पियानोचे पहिले पाठही त्यांनीच दिले. हे जन्मगाव आज रुमानियात आहे, आणि ज्या पोझोनी शहरात बार्तोक यांचे शालेय शिक्षण पुरे झाले ते आज ब्रातिस्लाव्हा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. त्या काळी मात्र ही दोन्ही स्थळे हंगेरीच्या राज्यात होती.

१८९९ साली ते बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाले. पियानोचे त्यांचे गुरू इश्तवान तोमान हे फ्रांझ लिस्ट यांचे शिष्य. ऑस्ट्रियाच्या वर्चस्वाविरुद्धच्या भावनेने तेव्हाचे तरुण भारलेले होते. बार्तोकही हंगेरियन पेहराव करीत आणि घरच्या मंडळींनी जर्मन सोडून हंगेरियनच बोलावे असा आग्रह धरीत. १९०३ साली त्यांनी स्वातंत्र्यवीर कोशुत यांच्यावर वाद्यवृंदरचना केली व तीत ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीताची धून मुद्दाम विकृत करून योजिली.

१९०४ साली ट्रान्सिल्व्हानियाच्या लिदी दोशा या मोलकरणीचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि त्यांच्या अभिमानास निराळे वळण लागले. शहरांतील जिप्सी वादक वाजवीत तेच हंगेरीचे लोकसंगीत, असा तोवर समज होता. खुद्द लिस्टही त्यातून सुटले नव्हते. बार्तोक यांनी झोल्तान कोदाय यांच्यासह खेड्यांची वाट धरली. १९०६ साली दोघांनी वीस गीतांचे पुस्तक काढले. फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर गाणे टिपावयाचे, मग ते पुनःपुन्हा ऐकून बारीकसारीक हरकतींसह स्वरलिपीत उतरावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९०७ साली ट्रान्सिल्व्हानियात त्यांना पाच स्वरांची जुनी गीते सापडली. स्वरांपुरते पाहिल्यास ती आपल्या धानी रागाशी जुळतात.

परंतु यांतले खरोखर हंगेरियन कोणते, हे शेजाऱ्यांची गाणी ऐकल्याखेरीज ठरणार कसे? म्हणून ते स्लोव्हाक आणि रुमानियन खेड्यांतही गेले, आणि त्या भाषा शिकले. १९१३ साली बिहार प्रांतातील रुमानियन गीतांचा त्यांचा संग्रह रुमानियन अकादमीने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अल्जीरियात त्यांनी अरबी गीते टिपली. स्वदेशाच्या शुद्ध सुराचा शोध घेता घेता त्यांना दिसले की सूर एका भाषेतून दुसरीत जातात, तेथे रूप पालटतात आणि त्यामुळेच समृद्ध होतात.

१९२० च्या त्रियानोन तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. त्याच वर्षी बार्तोक यांनी रुमानियन संगीतावर लेख लिहिला, तेव्हा स्वदेशी टीकाकारांनी त्यांच्या देशनिष्ठेवरच शंका घेतली. पुढे एका रुमानियन पंडिताने उलट पक्षपाताचा आरोप केला; त्याला बार्तोक यांनी १९३७ साली सप्रमाण उत्तर दिले. बुडा आणि पेस्ट यांच्या एकीकरणाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९२३ साली रचिलेल्या ‘नृत्यमालिके’त त्यांनी हंगेरियन, रुमानियन व अरबी ढंग एकत्र आणिले. सर्व युद्धे नि वैरे असूनही राष्ट्राराष्ट्रांतील बंधुभाव हीच आपली प्रेरक कल्पना आहे, असे त्यांनी १९३१ साली एका पत्रात नमूद केले.

शिक्षकांनी त्यांची आणखी एक बाजू पाहावी. ‘मिक्रोकॉस्मॉस’ या सहा भागांच्या ग्रंथातील १५३ रचना अगदी प्राथमिक पाठांपासून क्रमाक्रमाने चढत जातात. एवढा मोठा कलावंत नवशिक्याच्या बोटांचा विचार करण्यात कमीपणा मानीत नव्हता.

१९३८ साली नाझी अंमलाखालील व्हिएन्नाहून वंशाची चौकशी करणारे पत्रक आले. ते भरून देण्याचे बार्तोक व कोदाय यांनी नाकारले. १९४० साली बार्तोक अमेरिकेस गेले. निघण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी बजाविले, की हंगेरीत हिटलर व मुसोलिनी यांच्या नावाचे रस्ते असेतोवर आपले नाव तेथील रस्त्यास देऊ नये. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात ते सर्बो-क्रोएशियन गीतांवर काम करीत होते. आजारपणात रचिलेला ‘वाद्यवृंदासाठी कॉन्सर्टो’ १९४४ साली बॉस्टन येथे गाजला. २६ सप्टेंबर १९४५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९८८ साली त्यांच्या अस्थी बुडापेस्टला आणण्यात आल्या.

बार्तोक यांचे हंगेरीवरील प्रेम अखेरपर्यंत कमी झाले नाही; त्यातला द्वेष तेवढा गळून पडला. हे परिवर्तन उपदेशाने झाले नाही. शेजाऱ्याचे गाणे त्याच्या भाषेत, त्याच्या अंगणात बसून ऐकल्याने झाले. दोन भाषांच्या सीमेवर अध्यापन करणाऱ्यांनी एवढे ध्यानी ठेविले तरी पुष्कळ, असे आम्ही समजतो.