पानशेतचा पूर आणि पुन्हा उभं राहिलेलं पुणं

१२ जुलै १९६१. पुण्यात जुन्या माणसांना वय विचारलं की काही जण साल सांगत नाहीत. "पानशेत फुटलं तेव्हा मी एवढा होतो," म्हणतात आणि हात कमरेशी धरतात. आपल्या वस्तीतही अशी माणसं आहेत.

अंबी नदीवरचं पानशेत धरण मातीचं. काम पुरं झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं. धरण खचू लागलं, तेव्हा ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून ते कसंबसं धरून ठेवलं. धरण फुटायचं ते फुटलंच, पण रात्री नाही, सकाळी. लोक जागे होते, म्हणून हजारोंचे जीव वाचले. पानशेतचं पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि १८७९ सालचं ते दगडी धरणही फुटलं. मग पुलाची वाडी, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, सोमवार, मंगळवार, शिवाजीनगर या भागांत पाणी घुसलं. शहरातले पूल पाण्याखाली गेले. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांच्या तोंडचा आकडा कधीच जुळला नाही. लोक हजार म्हणतात. पुढे चौकशी आयोग बसला. आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांचा काम चालू असतानाच मृत्यू झाला आणि ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. तो विषय मोठा आहे, इथे नको.

पाणी ओसरल्यावर चिखल राहिला. वाड्यांचे तळमजले चिखलाने भरलेले, धान्य कुजलेलं, वीज बंद. आणि गंमत पाहा, ज्या शहरात पाण्याने घरं नेली त्याच शहरात प्यायला पाणी नव्हतं, कारण नळाला येणारं पाणी खडकवासल्याचंच होतं. तेव्हा पेशवेकाळातले हौद आणि वाड्यांतल्या विहिरी पुन्हा कामी आल्या. शाळांमधून छावण्या झाल्या. कॉलेजची पोरं घमेली-फावडी घेऊन चिखल उपसत होती. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे आणि संघटनांचे कार्यकर्ते शेजारी शेजारी उभे राहून काम करत होते. सरकारी मदत पुढे आली, पण पहिला घास आणि पहिलं कोरडं कापड शेजाऱ्यानेच दिलं, हे विसरता येत नाही.

आता आपल्या समाजाबद्दल. नागपूरची धम्मदीक्षा होऊन त्या वेळी पाच वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सत्तावीस लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध म्हणून नोंदवला होता. गावाकडे आपली वस्ती गावकुसाबाहेर असे; शहरात पोटासाठी आलेल्या गरिबाला जागा मिळाली ती बहुतेक नदी-नाल्याच्या काठाची, सखल, म्हणून स्वस्त. पुराने जात विचारली नाही हे खरं. त्याने पेठेतला ब्राह्मणाचा वाडाही नेला आणि काठावरची झोपडीही नेली. पण पूर गेल्यावर जे विचारलं गेलं ते होतं कागद! भाडेपावती, रेशनकार्ड, दाखला. वाड्यातल्या भाडेकरूच्या बाजूने निदान घरमालक बोलायला होता. झोपडीवाल्याजवळ शेजाऱ्याच्या साक्षीशिवाय काय होतं? शिवाय धर्म बदलल्यावर सवलतींचा प्रश्न होताच. राज्य सरकारने त्या नवबौद्धांना नुकत्याच, म्हणजे १९६० साली लागू केल्या होत्या. केंद्राने द्यायला १९९० साल उजाडलं. अशा वेळी दाखल्याचा एक कागद वाहून जाणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पुनर्वसनाच्या कामावर सरकारने स. गो. बर्वे यांना नेमलं. ते पूर्वी पुण्याचे आयुक्त होते. शहर त्यांना पाठ होतं. १९६२ साली शिवाजीनगरमधून ते विधानसभेवर निवडून आले, यावरून लोकांनी त्यांचं काम कसं मानलं ते कळतं. आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात त्या तव्यासारख्या तापत. मग गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. पूरग्रस्तांनी सहकारी गृहरचना संस्था काढल्या, त्या शंभराच्या वर गेल्या. माझ्या मते या पुराच्या इतिहासातलं हेच सर्वांत मोठं आणि सर्वांत कमी सांगितलं गेलेलं काम. चिखल उपसणाऱ्यांचे फोटो निघाले. पण कारकुनी करणारे, हप्ते गोळा करणारे, सभेचं इतिवृत्त लिहिणारे, सातबारा आणि भाडेपट्ट्यासाठी कचेरीत वीस-वीस खेटे घालणारे सभासद कोणाच्या लक्षात आहेत? जमिनीच्या मालकीचा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत रेंगाळला. ज्यांनी घर बांधलं त्यांतले कितीतरी जण ते नावावर झालेलं न पाहताच गेले. ज्यांची नावं यादीतच आली नाहीत ते पुन्हा नदीकाठी किंवा डोंगरउतारावर गेले.

हे जुनं झालं म्हणावं, तर तसं नाही. २८ नोव्हेंबर २०१८ ला शिवाजीनगरच्या पाटील इस्टेट झोपडपट्टीत आग लागली. सिलिंडर फुटले, झोपड्या भराभर जळाल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बायका भांड्यांआधी मुलांच्या दाखल्यांसाठी रडतात, ते अशाच वेळी. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याला पूर आला आणि टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये मुठेचं पाणी पुन्हा वस्त्यांत शिरलं आणि पुलाची वाडी इथे तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. तीच पुलाची वाडी, जिचं नाव १९६१ च्या पुरात पहिल्यांदा घेतलं जातं.