आवाजाची चढाओढ

मंडळी, मागच्या वेळी आपण ग्रामोफोनच्या तबकडीपर्यंत आलो होतो. तिथूनच पुढे जाऊ. तबकडीवर आवाज म्हणजे प्रत्यक्ष कोरलेली खाच. आवाज वाढवला, त्यातही खर्जाचा, की खाचेला जागा जास्त लागायची आणि एका बाजूवर कमी मिनिटं मावायची. फारच वाढवला तर सुई उडायची. म्हणजे चढाओढीला लगाम होता.

१९८२ मध्ये सीडी आली. १६ बिटांच्या या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. एवढी ऐसपैस जागा मिळाल्यावर संगीत मोकळं व्हायला हवं होतं ना? झालं उलटंच.

कारण आपल्या कानात आहे. तेच गाणं किंचित मोठ्यानं ऐकवलं, तर आपल्याला ते जास्त भरदार वाटतं. मग आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा हळू का वाजावी? पण डिजिटलमध्ये वरची हद्द पक्की. तिच्यापुढे जाता येत नाही. म्हणून लिमिटर लावून उंच ठोके छाटायचे आणि बाकी सगळं वर उचलायचं, ही रीत नव्वदच्या दशकात बळावली.

२००८ मध्ये मेटालिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती. चाहत्यांनी दोन्ही ऐकली, फरक ओळखला आणि हजारोंनी तक्रारीवर सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचं म्हणणं असं, की गाणी त्यांच्याकडे आली तीच दाबलेली. त्याच वर्षी गन्स एन' रोझेसच्या 'चायनीज डेमोक्रसी'साठी बॉब लुडविग यांनी तीन नमुने दिले, आणि निवडला गेला तो सर्वांत मोकळा. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. निवड माणसांचीच होती.

२०१० मध्ये युरोपीय प्रसारकांनी सरासरी आवाज मोजून सारखा करण्याचं प्रमाण ठरवलं. आज स्पॉटिफायसारख्या सेवाही मोठी गाणी आपोआप खाली आणतात. चढाओढ जिंकून हाती फारसं काही लागत नाही.

पण एक लक्षात ठेवू या. आवाजाचं बटण आपल्या हातात आहे. ते फिरवून गाणं हळू करता येतं. छाटलेला ठोका मात्र परत येत नाही. मूळ ध्वनिमुद्रणं जपली असतील तरच ती गाणी पुन्हा मोकळी ऐकता येतील.