सोऱ्याचा भाव

माझा भाचा बारावीत आहे. टीव्हीवरची एक चर्चा बघून परवा त्याने मला विचारलं, "मामू, जुन्या काळच्या लढाया सगळ्या धर्मासाठीच व्हायच्या का?" मी म्हटलं, हा प्रश्न आपण बखरींना नंतर विचारू. आधी तोफेत भरली जाणारी दारू कोण बनवायचं, कोण विकायचं आणि काय भावाने, ते बघू. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो आहे.

तोफेच्या दारूत तीनच जिनसा: सोरा, गंधक आणि कोळसा. चार हिश्शांपैकी जवळजवळ तीन हिस्से सोराच. कोळसा कुठेही पाडता येतो आणि गंधक लागतोही थोडा, त्यामुळे दारूचा भाव म्हणजे मुख्यतः सोऱ्याचा भाव. ही विद्या चीनमधून अरबांकडे आली. तेराव्या शतकात सीरियाच्या हसन अल-रम्माह याने लाकडाच्या राखेने सोरा शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली आहे. आपण 'दारूगोळा' म्हणतो त्यातला 'दारू' शब्द फारसी आहे आणि त्याचा मूळ अर्थ औषध!

सतराव्या शतकात जगातला उत्तम सोरा मिळायचा बिहारमध्ये, पाटणा, छपरा, हाजीपूर या भागात. जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या आसपास जनावरांचं मूत आणि चुलीची राख मातीत मुरलेली असायची. पाऊस सरून ऊन पडलं की जमिनीवर पांढरी खार फुलायची. नोनिया जातीचे लोक ती माती खरवडून पाण्यात घालत, ते पाणी गाळून कढईत आटवत आणि थंड करून स्फटिक जमवत. हे काम कोरड्या महिन्यांतच होई. पुढे माल गंगेतून नावेने हुगळीला आणि तिथून गलबताने युरोपात जाई. कापडासारख्या हलक्या मालाच्या जहाजाला तळाशी वजन लागतंच, तिथे दगडाऐवजी सोऱ्याची पोती पडत.

भाव का चढतो, याचं उत्तर या वाटेतच आहे. लंडनमध्ये आज युद्ध पेटलं तरी छपऱ्याच्या मातीत उद्या जास्त सोरा फुलत नाही. मागणी पोचून माल परत यायला वर्ष-दीड वर्ष सहज जाई. तोवर गोदामात जे असेल त्यावर सगळ्यांची झुंबड. मग तह होतो, उशिरा निघालेली जहाजं तेव्हाच बंदराला लागतात, कोठारं भरलेली राहतात आणि भाव कोसळतो.

राज्यकर्त्यांना हे चांगलं कळत होतं. इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चालू असताना १६९३ साली ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी झाली, तेव्हा तिच्यात अट घातली गेली की कंपनीने दरवर्षी ५०० टन सोरा सरकारला द्यायचा. भाव आधीच ठरवले गेले: शांततेत टनाला साडेअडतीस पौंड, युद्धात ४५ पौंड. एकाच मालाचे, एकाच कागदावर दोन भाव. मधले साडेसहा पौंड म्हणजे युद्धाची किंमत!

आता धर्माचं बघू. १६४६ च्या सुमारास शहजादा औरंगजेब गुजरातचा सुभेदार होता. हा सोरा उद्या मुसलमानांविरुद्धच वापरला जाईल म्हणून त्याने तो इंग्रजांना विकायला मनाई केली, अशी हकिकत इंग्रज वखारीच्या कागदांतून येते. म्हणजे धर्माचा विचार होता, हे मान्य केलं पाहिजे. पण टिकला किती? पुढच्याच वर्षी औरंगजेब गुजरातेतून गेला. व्यापार तर पूर्वेकडे, बिहारकडे वळून आणखी वाढला. पुढे औरंगजेब बादशहा असतानाही पाटण्याहून डच आणि इंग्रज गलबतं भरत राहिली. लाल महालात बोटं गमावून बंगालच्या सुभ्यावर गेलेला शाइस्ताखान तिथे स्वतःच या धंद्यात उतरला, आणि गोरे व्यापारी त्याच्या नावाने तक्रारी करत बसले.

आपल्याकडेही तेच. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर मुसलमान, वेढ्यात शिवाजी महाराज, आणि खाली तोफगोळे घेऊन आलेले राजापूरचे इंग्रज. ते आले ते इस्लामच्या प्रेमाने नव्हे. माल खपावा आणि विजापूर दरबार खूश राहावा, एवढाच त्यांचा हिशेब. महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटून त्यांना कैदेत टाकलं. तरी १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर, तह करायला आणि राजापूरची भरपाई मागायला! टोपीकर नुसते सावकार नाहीत, हे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त बजावून ठेवलं ते उगाच नाही.

पण या हिशेबातली सगळ्यात कडू नोंद आपल्या माणसांच्या नावावर आहे. बिहारच्या सोऱ्याचा मक्ता नवाबाकडून आर्मेनियन व्यापारी ख्वाजा वाजिद याच्याकडे होता. प्लासी झाली, मीर जाफर गादीवर बसला आणि १७५८ मध्ये त्याने हा मक्ता कंपनीला देऊन टाकला. ज्या मातीतून तोफांची दारू निघत होती तीच त्याने गादीच्या बदल्यात दिली. त्यानंतर डचांनासुद्धा इंग्रजांच्या हातूनच सोरा घ्यावा लागला. फ्रेंचांची तर कोंडीच झाली. १७७५ मध्ये फ्रान्सने दारू बनवण्याचं सरकारी खातं उभं केलं आणि त्यावर लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं, त्यामागे ही टंचाईच होती. १८६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या यादवी युद्धासाठी लामॉट ड्यू पाँट इंग्लंडात आला आणि मिळेल तेवढा भारतीय सोरा त्याने विकत घेतला. तेवढ्यात दोन्ही देशांत तंटा झाला, पामर्स्टनच्या सरकारने माल अडवला, आणि अमेरिकेने पकडलेले दोन वकील सोडल्यावरच तो हलला.

मग नोनियांचं काय झालं? भाव चढला तेव्हा ते श्रीमंत व्हायला हवे होते. पण ते हंगामाआधी दादनी, म्हणजे उचल घेऊन बसलेले असत. माल कुणाला आणि कितीला द्यायचा, हे उचल देणाराच ठरवी. मक्ता आल्यावर तर दुसरं गिऱ्हाईकच उरलं नाही. विकत घेणारा एकच असला की लंडनची तेजी छपऱ्यापर्यंत पोचत नाही. मंदी मात्र पोचते. चिलीतलं नायट्रेट स्वस्तात मिळू लागलं, पुढे बिनधुराची दारू आली, आणि सोरा आटवणारे हात मातीकामाला लागले.

भाच्याला हे सगळं जुनं वाटलं. मग मी त्याला सांगितलं की २०२३ च्या ऑक्टोबरात नाटोच्या लष्करी समितीचे प्रमुख रॉब बाउर म्हणाले होते, १५५ मिलिमीटरचा तोफगोळा २,००० युरोंवरून ८,००० वर गेला आहे. युक्रेनचं युद्ध आणि शांततेच्या काळात लहान केलेले कारखाने. गोष्ट तीच, फक्त छपऱ्याच्या जागी कारखाना.

धर्मासाठी कुणी लढलंच नाही, असं मी म्हणणार नाही. शिपाई काय मनात घेऊन मेला, ते अल्लाहला ठाऊक. पण त्याच्या तोफेतल्या दारूचा हिशेब कागदावर आहे. त्यात मुसलमान नवाब आहे, आर्मेनियन ख्रिस्ती मक्तेदार आहे, इंग्रज कंपनी आहे आणि बिहारचा नोनिया आहे. पहिल्या तिघांनी कधी ना कधी भाव ठरवला. चौथ्याला तो कुणी विचारलाच नाही.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, हे टीव्हीवर का नाही सांगत?" या प्रश्नाचं उत्तर मात्र मी त्याच्यावरच सोडलं.