समासापासून मोर्तबापर्यंत

द्वारकेच्या दहाव्या सेक्टरातील जिल्हा न्यायालयाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना प्रतिज्ञापत्राचे ठराविक रूप परिचित असते: डाव्या अंगाला भरपूर कोरी जागा, ओळींमध्ये ऐसपैस अंतर, प्रत्येक पानाला क्रमांक, तळाशी सहीपुरता मोकळा भाग, आणि अखेरच्या ओळीनंतर मजकुराला पूर्णविराम देणारे सत्यापन. टंकलेखकाला याचे कारण विचारले, तर 'असेच चालते' यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. कारण वहिवाट एकदा रूढ झाली की तिची सनद कोणी मागत नाही. परंतु या रूपाचे कूळ शोधीत मागे गेले म्हणजे माझी तरी अशी खात्री होते, की व्यवहाराचा कागद नेत्रसुखासाठी फारसा घडलेला नाही. त्याची बहुतेक अंगे अविश्वासातून जन्मली आहेत, आणि उरलेली यंत्राच्या दारिद्र्यातून.

दिल्लीला मराठी कागद नवा नाही. पहिल्या बाजीरावाच्या अमदानीपासून हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून बादशाही दरबारी राहत असत, आणि त्यांचा पत्रव्यवहार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने 'हिंगणे दप्तर' या नावाने छापून प्रसिद्ध केला आहे. छापील बालबोध पानावर त्या कागदांचे मूळ अंग दिसत नाही. ते पाहावयाचे तर मोडी रुमालच सोडावे लागतात. बोरूने लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवी. शब्दाशब्दांत जागा न सोडण्याची त्याची चाल आजच्या वाचकाला छळवादी वाटते, परंतु जेथे जागा नाही तेथे मागाहून शब्द घुसडता येत नाही, हा लाभ तीत आपोआप पदरात पडे. समास मात्र तो जाणूनबुजून कोरा ठेवी. मजकूर लांबला की कागदाला कागद चिकटवून बंद वाढवीत, आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून जोडाच्या पाठीवर शिक्का उठवीत. आजच्या कागदावर 'सातपैकी तीन' असा जो पृष्ठांक यंत्र स्वतः घालते, त्याचा पूर्वज हाच जोडावरचा शिक्का होय. मजकूर संपला की त्याला लागूनच मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे हेच बजावतात, की येथे मर्यादा झाली, यापुढे जे लिहिलेले आढळेल ते आमचे नव्हे.

मायन्याचा प्रपंच मात्र अविश्वासाचा नव्हे, दर्जाचा. कोणाला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' म्हणावयाचे आणि कोणाला नुसते 'राजमान्य राजश्री', हे ठरलेले असे, आणि हेमाद्रीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'मेस्तका'सारखे लेखनपद्धतीचे ग्रंथ कारकुनाच्या शिक्षणाचा भाग होते. सांगाडा एकच, नाव आणि मायना तेवढा निराळा, या तत्त्वावर एका मसुद्याची शंभर पत्रे पाडणारी जी सोय आज मेल-मर्ज म्हणून शिकवितात, ती कोणा चिटणीसाला दाखविली असती तर तिच्या वेगाचे त्याला नवल वाटले असते, कल्पनेचे खचित नव्हे.

मुद्रणाच्या युगाचा या कथेशी संबंध बेताचाच आहे. बंगालातील श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरीने १८१० साली मराठी कोशासाठी मोडीचे खिळेसुद्धा वापरले, मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी टंकाला देखणेपण दिले. परंतु कचेरीचा रोजचा कागद हातानेच लिहिला जात राहिला. त्याचा कायापालट टंकलेखन यंत्राने केला. १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलेले ते यंत्र रोमन लिपीसाठी जन्मले होते, आणि त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कळांवर, दोन्ही अंगांचा हिशेब धरला तरी, देवनागरीची पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे आणि मात्रा मावणे अशक्य होते. तेव्हा योजकांनी अक्षरालाच करवत लावली. अर्ध्या 'भ'ची एक कळ, काना दुसऱ्या कळेवर. दोन्ही आपटल्या की 'भ' पुरा झाला, आणि पुन्हा एकदा काना आपटला की 'भा'. ही शुद्ध काटकसर होती, आणि ती करणाऱ्यांच्या बुद्धीची तारीफ केलीच पाहिजे. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले, कार्बनच्या नकला निघू लागल्या, आणि खोडलेल्या शब्दाशेजारी आद्याक्षरांची सही घालण्याची शिस्त आली. कारण खाडाखोड हा पुरावा होता.

तो पुरावाच पुढच्या यंत्राने नाहीसा केला. आयबीएमने १९६४ साली चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे टंकलेखन यंत्र विक्रीस काढले, आणि एका चुकीपायी सबंध पान पुन्हा टंकण्याचे कष्ट वाचले. त्याबरोबरच, दुरुस्ती कोठे झाली हे ओळखण्याची खूणही गेली. मागाहून दुरुस्त्यांचा माग ठेवण्याची आणि सांकेतिक स्वाक्षरीची सोय संगणकात करावी लागली, ती याच कारणाने. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा स्वाक्षरीला आपल्याकडे मान्यता दिली. मोर्तब अशा रीतीने नव्या अवतारात परत आले.

१९८५ साली अ‍ॅपलचा लेसर प्रिंटर आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर ही जोडी निघाली, आणि खिळे जुळविणारा, पान बांधणारा व मुद्रितशोधक यांचे काम एका टेबलाशी येऊन बसले. आपल्याकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली, मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' मराठी छापखान्यांत आणि कचेऱ्यांत पसरली, तर दिल्लीकडे हिंदीसाठी 'कृतिदेव' या फाँटने ठाण मांडले. कृतिदेवचा मोह उघड होता: रेमिंग्टनवर हात बसलेल्या माणसाला नवे काही शिकावे लागत नव्हते. परंतु त्याच्या पोटात संगणकाला देवनागरीचा पत्ताच नव्हता. 'भारत' हा शब्द तेथे एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठविलेला असतो. एच म्हणजे अर्धा 'भ', पुढचे दोन के म्हणजे दोन काने, म्हणजे टंकलेखन यंत्राची ती करवतच. कळांची टंचाई संपून गेली तरी तिने कापलेले अक्षर तसेच राहिले, आणि ज्याच्या संगणकावर तो फाँट नाही त्याच्या पडद्यावर भारताऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटू लागली. पूर्वी कागद फिरविणाऱ्यावर संशय असे. आता कागद आपोआपच फिरू लागला.

पप्पनकलां या नावाने ज्याची आखणी झाली त्या द्वारकेत सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे, आणि अशा संस्थेचा कारभार म्हणजे इतिवृत्ते, सूचना, थकबाकीच्या नोटिसा आणि भाद्रपदात मराठी मंडळींनी काढलेले वर्गणीचे निवेदन. युनिकोडने प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक दिला, आर. के. जोशींनी घडविलेला 'मंगल' हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघर आला, आणि हे कागद एका संगणकावरून दुसऱ्यावर शाबूत पोचू लागले. समासाचे मापही लेखी ठरले: सर्वोच्च न्यायालयाने आपल्यापुढे येणाऱ्या कागदांसाठी एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद, दोन्ही बाजूंना छपाई, डावीउजवीकडे चार-चार सेंटिमीटर समास आणि चौदा आकाराचा टाइम्स न्यू रोमन असे ठरवून दिले. हा टंक १९३२ साली लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रासाठी, अरुंद स्तंभात अधिक मजकूर बसावा म्हणून घडविला होता. ऐसपैस समासांच्या मध्ये तो आता निवांत बसला आहे.

मराठीची एक तक्रार मात्र उशिरा मिटली. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र चढवून काम भागवीत, आणि पुष्कळ जण अजूनही भागवितात. डोळ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला ती निराळी वाटतात. त्यामुळे एका रूपात टंकलेला 'ॲडव्होकेट' दुसऱ्या रूपाने शोधला तर पुष्कळदा सापडत नाही, आणि संस्थेच्या चिटणीसाला जुनी इतिवृत्ते शेवटी डोळ्यांनीच चाळावी लागतात.